रेल्वेवर दावा कुठे लावायचा?

रेल्वेविरुद्धची केस श्रीगोंद्याच्या कोर्टात चालते का? दौंड–मनमाड मार्गाच्या आसपास राहणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. आज श्रीगोंदा तालुक्यात त्यावर काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर अशी स्टेशने आहेत. कुणाचा मुलगा गर्दीत दाराशी उभा असताना गाडीतून पडतो. कुणाच्या लिंबांच्या गोण्या दिल्लीला पोचेपर्यंत कमी होतात. कुणाची जमीन दुहेरी मार्गासाठी जाते. तिघांचेही भांडण रेल्वेशीच आहे, तरी तिघांची दाद एकाच ठिकाणी लागत नाही. पुढे अपिलाची वेळ आली, तर या वाटा आणखी लांब जातात.

म्हणून प्रश्नाचे उत्तर असे: काही केसेस श्रीगोंद्यात चालतात, बऱ्याच चालत नाहीत. कोणती कुठे, हे ठरवणाऱ्या नियमांना ‘अधिकारक्षेत्र’ म्हणतात. चुकीच्या कोर्टात गेलेली दोन वर्षे परत मिळवताना लोकांची फार दमछाक होते. तेव्हा आपली बाजू खरी की खोटी, याच्याही आधी हे समजून घेतलेले बरे.

१. रेल्वे म्हणजे कोण?

दाव्यात ‘मध्य रेल्वे’ एवढेच लिहून भागत नाही. रेल्वे हे केंद्र सरकारचे खाते आहे, त्यामुळे प्रतिवादी असतो ‘युनियन ऑफ इंडिया’, म्हणजे भारत सरकार, आणि तेही त्या रेल्वेच्या जनरल मॅनेजरमार्फत. काष्टीचे किंवा बेलवंडीचे स्टेशन मास्तर हे प्रतिवादी नव्हेत. त्यांच्या नावाने रागारागाने लिहिलेल्या अर्जाचा कोर्टात उपयोग नसतो.

दिवाणी कोर्टात सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. अगदी तातडीचे कारण असेल, तर कोर्टाच्या परवानगीने ती अट शिथिल होते. एरवी नोटीस नसेल तर दावा पहिल्याच पावलाला अडखळतो.

२. अधिकारक्षेत्राची तीन अंगे

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात कुणी कांद्याच्या गोण्या घेऊन गेला, तर माल कितीही चांगला असला तरी तिथे त्याची बोली लागणार नाही. कोर्टांचेही तसेच आहे. कोर्ट तीन गोष्टी पाहते: हा विषय माझ्याकडे दिलेला आहे का, ही घटना किंवा हा माणूस माझ्या हद्दीतला आहे का, आणि दाव्याची रक्कम माझ्या मर्यादेत बसते का.

या तिन्हींचे वजन सारखे नाही. हद्दीबद्दलची किंवा रकमेबद्दलची हरकत समोरच्याने सुरुवातीलाच घ्यावी लागते. वेळेत घेतली नाही, तर पुढे अपिलात ती सहसा ऐकली जात नाही. विषयाचे मात्र तसे नाही. जो विषय कायद्याने एखाद्या कोर्टाकडून काढून घेतला आहे, त्यावर दोन्ही पक्षांनी आनंदाने संमती दिली तरी ते कोर्ट निकाल देऊ शकत नाही. दिलाच, तर तो निकाल कागदावरच राहतो. रेल्वेच्या बाबतीत नेमका हाच खड्डा आहे, कारण तिचे कितीतरी विषय दिवाणी कोर्टाकडून काढून घेतलेले आहेत.

चुकून भलत्या कोर्टात गेलेल्या माणसाचे दार अगदीच बंद होत नाही. दिवाणी कोर्ट दावा योग्य ठिकाणी लावण्यासाठी परत करू शकते. प्रामाणिकपणे चुकीच्या कोर्टात घालवलेला काळ मुदतीतून वगळून मागण्याचीही सोय आहे. पण त्यासाठी आपण खरोखर काळजी घेतली होती, हे दाखवावे लागते.

३. रेल्वे दावा न्यायाधिकरण

पूर्वी मालाची आणि अपघाताची बरीच भांडणे दिवाणी कोर्टातच चालत आणि वर्षानुवर्षे रेंगाळत. संसदेने १९८७ साली रेल्वे दावा न्यायाधिकरण कायदा केला आणि ८ नोव्हेंबर १९८९ पासून न्यायाधिकरण कामाला लागले. न्यायाधिकरण म्हणजे ठरावीक विषयांपुरतेच असलेले, कोर्टासारखे काम करणारे मंडळ. याच्या खंडपीठावर साधारणपणे एक न्यायिक सदस्य असतो आणि एक तांत्रिक, म्हणजे रेल्वेचे कामकाज जाणणारा.

त्याच्याकडे मुख्यतः तीन गोष्टी आहेत: रेल्वेकडे सोपवलेल्या मालाचे नुकसान, प्रवाशाचा मृत्यू किंवा दुखापत, आणि प्रवासभाड्याचा किंवा मालभाड्याचा परतावा. या तिन्ही बाबतींत इतर कोर्टांना मनाई आहे. श्रीगोंद्याचे दिवाणी कोर्ट इथे हात घालू शकत नाही.

महाराष्ट्रात या न्यायाधिकरणाची खंडपीठे मुंबईला आणि नागपूरला आहेत. विसापूरच्या शेतमजुराच्या विधवेने तारखेसाठी एवढ्या लांब जायचे, हे मला पटत नाही. न्यायाधिकरणाने कुठे बसावे, हे अधिसूचना काढून ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. दौंड–मनमाड, दौंड–सोलापूर अशा मार्गांवरच्या लोकांसाठी पुणे किंवा अहिल्यानगरला ठरावीक दिवशी बैठक ठेवता येईल. झटपट न्याय देण्यासाठी काढलेली संस्था माणसाच्या आवाक्यात नसेल, तर कायद्यातला चांगुलपणा त्याच्या वाट्याला येत नाही.

४. गाडीतून पडलेला प्रवासी

या कायद्यातला सर्वांत माणुसकीचा भाग इथे आहे. १ ऑगस्ट १९९४ पासून रेल्वे कायद्यात कलम १२४-अ आले. चालत्या गाडीतून प्रवासी पडला, किंवा गाडीत, फलाटावर दरोडा, हल्ला असे काही घडले, तर त्याला ‘अनुचित घटना’ म्हणतात. अशा घटनेत रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. चूक नसली तरी रेल्वे भरपाईला बांधील असते. मात्र आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेले कृत्य आणि नैसर्गिक आजार यांना भरपाई नाही.

व्यवहारात भांडण होते ते या अपवादांवर. ‘तो दारात उभा होता, चूक त्याचीच,’ हा रेल्वेचा नेहमीचा बचाव. सर्वोच्च न्यायालयाने जमीला प्रकरणात २०१० साली सांगितले की दाराशी उभे राहणे हा निष्काळजीपणा असेल, पण ते गुन्हेगारी कृत्य नव्हे. त्याआधी २००८ साली प्रभाकरन विजय कुमार प्रकरणात, केरळात गाडीत चढताना पडून मरण पावलेल्या महिलेच्या बाबतीत, चढताना पडणे हेही गाडीतून पडणेच आहे, असे न्यायालयाने ठरवले.

दुसरा बचाव तिकिटाचा. मृताच्या खिशात तिकीट सापडले नाही, म्हणून अनेक कुटुंबांना रिकाम्या हाताने परत पाठवले जाई. मे २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुंता सोडवला. केवळ तिकीट नाही, म्हणून तो प्रवासी नव्हता असे होत नाही. कुटुंबाने प्रतिज्ञापत्रावर हकिकत सांगितली, की ती खोडून काढण्याचा भार रेल्वेवर जातो. उलट, नुसते प्रेत रुळांजवळ सापडले एवढ्यानेही दावा सिद्ध होत नाही. आजूबाजूची परिस्थिती मांडावीच लागते.

किती रक्कम? मृत्यूसाठी १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये, त्याआधी ४ लाख होते. मग २०१४ साली अपघात आणि २०१९ साली निकाल, असे असेल तर? रीना देवीतला नियम असा: अपघाताच्या दिवशीची रक्कम अधिक व्याज, किंवा निकालाच्या दिवशीची रक्कम, यातले जे जास्त ते द्यायचे. समजा व्याज दरसाल ९ टक्के धरले, तर ४ लाखांवर पाच वर्षांचे सरळ व्याज १ लाख ८० हजार, एकूण ५ लाख ८० हजार. निकालाच्या दिवशीचा दर ८ लाख. कुटुंबाला ८ लाख मिळतील.

मुदत मात्र फक्त एक वर्षाची, घटनेच्या दिवसापासून. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होतो.

आणि हद्द? तिकीट जिथे काढले, जिथे घटना घडली, जिथे उतरायचे होते, किंवा दावेदार जिथे कायम राहतो, यांपैकी कुठल्याही ठिकाणावर अधिकार असलेल्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो. बेलवंडीचा मजूर मध्य प्रदेशात इटारसीजवळ गाडीतून पडून मरण पावला, म्हणून त्याच्या आईने भोपाळला खेटे घालायची गरज नाही. ती आपल्या राहत्या ठिकाणावरून महाराष्ट्रातल्या खंडपीठाकडे जाऊ शकते. ही सवलत फार थोड्यांना माहीत असते.

या दाव्याचा कणा असतो घटनेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार होणाऱ्या कागदांमध्ये. गाडीच्या गार्डने किंवा गँगमनने कळवल्यावर स्टेशन मास्तर लोहमार्ग पोलिसांना मेमो देतात. त्यात वेळ, किलोमीटर खांबाचा आकडा आणि गाडीचा नंबर असतो. मग इन्क्वेस्ट पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, जबाब. शिवाय नियमांनुसार रेल्वे सुरक्षा दल चौकशी करते आणि विभागीय व्यवस्थापकाचा अहवाल तयार होतो. मेमोत ‘रूळ ओलांडताना धडक’ असे शब्द पडले की पुढची सगळी लढाई त्या शब्दांशी होते. म्हणून नातेवाइकांनी मेमोची आणि पंचनाम्याची नक्कल लगेच मागून घ्यावी, वाचावी, आणि चूक दिसली तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्यावी.

५. रूळ ओलांडणारा आणि फाटकावरचा ट्रॅक्टर

वरचे सगळे संरक्षण प्रवाशाला आहे. शेताकडे जाताना रूळ ओलांडणाऱ्या माणसाला गाडीने उडवले, तर तो प्रवासी नाही. त्याचा दावा न्यायाधिकरणाकडे जात नाही. तो दिवाणी कोर्टात, आणि तिथे रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करूनच लढावा लागतो. घटना श्रीगोंदा तालुक्यात घडली, तर हा दावा श्रीगोंद्यातच लावता येतो. मृत्यूच्या अशा दाव्याला १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याचा आधार आहे आणि मुदत दोन वर्षांची. कलम ८० ची नोटीस इथे लागतेच.

फाटकावर ट्रॅक्टर किंवा जीपला गाडीची धडक बसली, तर तिसरीच वाट. मोटार वाहन त्यात आले, की मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुढे येते. केरळात १९७९ साली बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर प्रवासी वाहनाला रेल्वेने धडक दिली होती. त्या प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणाला रेल्वेलाही जबाबदार धरता येते. त्यामुळे जखमीला वाहनमालक एका कोर्टात आणि रेल्वे दुसऱ्या कोर्टात असे पळावे लागत नाही.

६. माल कमी आला

समजा श्रीगोंद्याच्या एका बागायतदाराने १० एप्रिलला दौंडच्या पार्सल ऑफिसात लिंबांच्या चाळीस गोण्या दिल्लीसाठी दिल्या. पोचल्या एकतीस. माल सोपवल्यापासून सहा महिन्यांच्या आत रेल्वेला लेखी मागणी पाठवावी लागते, म्हणजे १० ऑक्टोबरपर्यंत. तोंडी तक्रार, पार्सल बाबूला केलेला फोन, हे धरले जात नाही. ही नोटीस चुकली की पुढचा अर्जच उभा राहत नाही. न्यायाधिकरणाकडे जायला मात्र तीन वर्षे आहेत.

गोणी फाटलेली किंवा छेडछाड झालेली दिसली, तर माल घेणाऱ्याने ‘ओपन डिलिव्हरी’ मागावी. ती देणे रेल्वेवर बंधनकारक आहे. त्यात सगळ्यांसमक्ष माल मोजून तूट लिहून दिली जाते. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ असे असेल, तर जोखीम मालकाची, आणि मग रेल्वेचा निष्काळजीपणा दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते. लिंबू आपोआप पिवळे पडून सुकले, तर तो मालाचा स्वभाव. त्यासाठी रेल्वेला दोष देता येत नाही. नऊ गोण्या गायब होणे ही वेगळी गोष्ट.

७. भाडेच जास्त असेल तर

एखादा साखर कारखाना म्हणतो, ‘आमच्या मालाला जो दर लावता, तो शेजारच्याला लावत नाही.’ ही नुकसानीची तक्रार नाही, नियमनाची आहे. यासाठी १९२६ साली सल्लागार समिती आणि १९४९ साली रेल्वे दर न्यायाधिकरण आले. एखाद्याला गैरवाजवी झुकते माप देणे किंवा दोन स्टेशनांदरम्यान अवाजवी दर लावणे, याविरुद्ध तिथे दाद मागता येई. २०१७ च्या वित्त कायद्याने ते मंडळ रेल्वे दावा न्यायाधिकरणात विलीन झाले. मात्र प्रवासी भाडे, पार्सलचे दर, डेमरेज (वाघिणी अडकवून ठेवल्याचा आकार) आणि मालाचे वर्गीकरण ठरवणे हे विषय कायद्यानेच बाहेर ठेवले आहेत. तिकीट महागले म्हणून इथे येता येत नाही.

रेल्वेच्या दरांवर शेतकऱ्यांचा राग ही जगभरची गोष्ट आहे. अमेरिकेत १८७० च्या दशकात ग्रेंजर नावाच्या शेतकरी चळवळीने मनमानी दरांविरुद्ध राज्यांना कायदे करायला लावले. १८८७ साली आंतरराज्य वाणिज्य आयोग आला. आयोगाच्या आदेशांवर दाद मागण्यासाठी १९१० साली खास ‘कॉमर्स कोर्ट’ काढले गेले. ते वारंवार आयोगाचे निर्णय फिरवून रेल्वे कंपन्यांना दिलासा देऊ लागले, त्याचे स्वतःचे निकाल सर्वोच्च न्यायालयात टिकेनात, आणि त्याच्या एका न्यायाधीशाला महाभियोग चालवून काढावे लागले. १९१३ साली अमेरिकी काँग्रेसने ते कोर्टच बंद केले. नियामकावर अपील कुणाकडे जाते, यावर नियमनाचा सारा परिणाम ठरतो, हे त्या तीन वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी अनुभवले.

८. उशिराची गाडी, चोरीला गेलेली बॅग

गाडी चार तास उशिरा आली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे अहिल्यानगरला. २०२१ साली संजय शुक्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उशिराची भरपाई कायम केली, कारण उशीर का झाला हे रेल्वेने सांगितलेच नव्हते. पण २०२३ साली सुरेंद्र भोला प्रकरणात, कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये चोरीला गेलेल्या व्यापाऱ्याला भरपाई नाकारली गेली. बुक न केलेले, आपल्या अंगावरचे सामान आपण सांभाळायचे, असा त्याचा अर्थ. जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते.

जमिनीचे भांडण आणखी वेगळे. नेहमीच्या संपादनात २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली वाढीव मोबदल्यासाठी प्राधिकरणाकडे जावे लागते आणि तिथून उच्च न्यायालयात. रेल्वेने प्रकल्प ‘विशेष’ म्हणून अधिसूचित केला असेल, तर मोबदल्याचा वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे जातो. नोटीस हातात पडली की यातले कोणते कलम छापले आहे, ते आधी पाहावे.

९. अपील

अपील म्हणजे वरच्या कोर्टाने खालच्या निकालाची फेरतपासणी करणे. तो हक्क कायद्याने दिला असेल तरच असतो. रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या अंतिम आदेशावर उच्च न्यायालयात अपील करता येते, मुदत ९० दिवस. मधल्या आदेशांवर, म्हणजे ‘पुढची तारीख’, ‘हा कागद दाखल करा’ अशांवर, अपील नाही. दोघांच्या संमतीने झालेल्या आदेशावरही नाही.

५ जानेवारीला निकाल लागला, तर लीप वर्ष नसल्यास नव्वदावा दिवस ५ एप्रिल. निकालाची प्रमाणित प्रत मिळायला जितके दिवस लागले, तितके यात मिळवता येतात. म्हणून प्रतीचा अर्ज ताबडतोब करायचा आणि त्यावरच्या तारखांचा शिक्का सांभाळून ठेवायचा.

कुठले उच्च न्यायालय? इथे लोक गोंधळतात. अहिल्यानगर जिल्ह्याचे उच्च न्यायालयाचे एरवीचे काम छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जाते. पण रेल्वे दाव्याच्या अपिलात कायदा पाहतो ती न्यायाधिकरणाच्या खंडपीठाची जागा. अपघात कुठे झाला, हे तो विचारत नाही. बेलवंडीच्या त्या मजुराच्या आईने अर्ज भोपाळला केला असता, तर तिचे अपील मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयात गेले असते. अर्ज कुठल्या खंडपीठात करायचा, हे ठरवतानाच अपिलाचा पल्लाही ठरतो.

उच्च न्यायालयात पुरावा आणि कायदा दोन्ही नव्याने तपासले जातात. त्यानंतर उरते ते सर्वोच्च न्यायालय, आणि तेही घटनेच्या कलम १३६ खाली परवानगी मिळाली तर. तिथे जायचा हक्क नसतो, विनंती करता येते. दरांच्या तक्रारींवरच्या निकालांना कायद्याने ‘अंतिम’ म्हटले आहे. पण त्या शब्दाने सगळे संपत नाही. १९९७ साली एल. चंद्रकुमार प्रकरणात सात न्यायाधीशांनी सांगितले की उच्च न्यायालयाचा कलम २२६ आणि २२७ खालचा तपासणीचा अधिकार घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे, तो कुठलाही कायदा काढून घेऊ शकत नाही. रिट याचिका त्याच वाटेने जाते. मात्र रिटमध्ये न्यायालय साक्षी-पुराव्यांची पुन्हा छाननी सहसा करत नाही. न्यायाधिकरण आपल्या अधिकाराबाहेर गेले का, ऐकून न घेता निकाल दिला का, एवढेच पाहते.

अपील फक्त हरलेले कुटुंबच करते असे नाही. जिंकलेल्या कुटुंबाविरुद्ध रेल्वेही अपील करते आणि निकालाला स्थगिती मागते. अशा वेळी उच्च न्यायालय रक्कम कोर्टात जमा करण्याची अट घालू शकते, आणि जमा रकमेतला काही भाग काढून घेण्याची परवानगी कुटुंबाला मागता येते. रेल्वेच्या अपिलाची नोटीस घरी आली, की वकिलाकडून तो अर्ज पहिल्याच तारखेला द्यायला लावावा.